ख्रिस्ती जीवनात नवीन आहात? आत्मिक वाढीची सुरुवात अशी करा

बाप्तिस्मा झालाय, किंवा अजून झाला नसेल पण मनापासून प्रभू येशूला जीवन दिलंय, सुरुवातीचे काही आठवडे एकदम भारलेले गेले, गाणी म्हणताना डोळ्यात पाणी येतंय, भेटेल त्याला सांगावंसं वाटतंय, आणि मग कधीतरी तो जोर ओसरतो आणि प्रश्न पडतो की आता पुढे काय? चर्चमध्ये सगळे म्हणतात "विश्वासात वाढत राहा", पण वाढायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नक्की करायचं काय, हे बसून सांगणारं कोणी पटकन मिळत नाही. त्यासाठी हे लिहितोय. पायऱ्या दिल्यात, पण एक संपली की दुसरी असा प्रकार नाही, बऱ्याच गोष्टी एकदमच चालू राहतात, क्रम फक्त आधी कशाला हात घालायचा हे कळावं म्हणून.

सुरू करण्याआधी: प्रौढ कोणाला म्हणायचं?

वर्षं मोजून काही कळत नाही. बायबलमधलं इब्री पत्र लिहिणारा 5 व्या अध्यायात वाचकांना सरळ सुनावतो की एवढ्या काळात तुम्ही शिकवणारे व्हायला पाहिजे होतात आणि तुम्हाला अजून दूधच लागतंय, जड अन्न चालत नाही. कृपादानं (पवित्र आत्म्याने दिलेल्या खास देणग्या) बघूनही कळत नाही. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल पहिल्याच अध्यायात म्हणतो की तुम्हाला कुठल्याही कृपादानाची उणीव नाही, आणि 3 ऱ्या अध्यायात त्याच लोकांना ख्रिस्तातली बाळं म्हणतो, का तर हेवा आणि भांडणं, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा (हा तिथला दुसरा शिक्षक). तेव्हा कोणी अर्धा तास अस्खलित प्रार्थना करतो, स्टेजवरून छान बोलतो, म्हणून तो प्रौढ असं धरून चालू नका, आणि उद्या तुम्हाला ते जमायला लागलं तर स्वतःबद्दल तर मुळीच नको.

मग ओळखायचं कशावरून? इब्री 5:14 म्हणतं की सरावाने ज्यांना बरंवाईट ओळखायची सवय झालीये ते प्रौढ. इफिस 4 म्हणतं की शिकवणीच्या प्रत्येक वाऱ्याबरोबर हेलकावे न खाणारा, आणि प्रेमाने सत्य बोलणारा. यात मी माझ्याकडून एक साधी खूण जोडतो, तीच या सगळ्या लेखात मनात ठेवा: चुकल्यावर देवाकडे आणि माणसांकडे परत वळायला तुम्हाला किती वेळ लागतो. आधी एखाद्यावर चिडलात तर महिनाभर अबोला, मग तो आठवड्यावर आला, मग त्याच संध्याकाळी जाऊन सॉरी म्हणता आलं. वाढ झाली ती इथे. चुकणं पूर्ण थांबेल या आशेवर बसलात तर लवकर निराश व्हाल.

पायरी 1: पाया नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं ओझं होतं

इफिस 2:8-10 एकदा सावकाश वाचा. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही, आणि लगेच पुढच्या वचनात चांगल्या कामांसाठी आपल्याला निर्माण केलंय असंही आहे. क्रम महत्त्वाचा आहे. खाली जे वाचन, प्रार्थना, सेवा वगैरे येणार आहे ते देवाने आपल्याला स्वीकारावं म्हणून करायचं नाही, त्याने आधीच स्वीकारलंय म्हणून करायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. चार दिवस वाचन झालं की छाती फुगते आणि पाचव्या दिवशी चुकलं की वाटतं देव आता नाराज, तोंड कसं दाखवू. दोन्हीचं मूळ एकच, हिशोब आपल्या कामावर चाललाय.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, की सगळं देवच करणार तर मी कशाला धडपडू. फिलिप्पै 2:12-13 मध्ये दोन्ही एकाच दमात आहे, भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यात देवच घडवतोय. पवित्र आत्मा काम करतो आणि आपणही करतो, यातलं कुठलं किती ते मोजत बसू नका, विद्वानांचे वाद त्यावर अजून संपलेले नाहीत.

पायरी 2: वचन, आणि वाचायची पद्धत

बायबल हातात घेऊन पहिल्या पानापासून सुरू करायचं हे अगदी स्वाभाविक आहे, आणि बहुतेकांचं होतं असं की उत्पत्ती मजेत जातं, निर्गम अर्ध्यापर्यंत जातं, मग 25 व्या अध्यायापासून निवासमंडपाची (इस्राएलच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात, लेवीयमध्ये यज्ञांचे नियम येतात आणि तिथे गाडी अडकते. तो भाग कमी महत्त्वाचा आहे असं नाही, पण तो कळायला आधी येशू कळावा लागतो. म्हणून माझा सल्ला, मार्क पासून सुरू करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, 16 अध्याय, रोज एक घेतला तर दोन आठवड्यांच्या थोडं पुढे संपतं. मग योहान. मग फिलिप्पै, चारच अध्याय, आणि ते पौलाने कैदेतून लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचा कारण त्यात आनंदाचाच विषय जास्त आहे. मग प्रेषितांची कृत्ये, याकोब, रोम. याबरोबर रोज एक स्तोत्र चालू ठेवा, 150 आहेत, पाच महिने पुरतात. नवा करार थोडा ओळखीचा झाला की उत्पत्ती आणि निर्गमचे पहिले 20 अध्याय घ्या, तेव्हा तेच वाचन वेगळं लागतं. भाषांतराची भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं जवळ ठेवा, दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर अजून चांगलं, मोबाइलवर ते सहज होतं.

वाचताना वहीत तीन प्रश्न लिहा: इथे देवाबद्दल काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं, आणि आज मी यातलं काय करणार. तिसऱ्याचं उत्तर "मी अधिक प्रेम करीन" असं मोघम लिहू नका. "आज अमक्याला फोन करीन आणि त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकीन" असं लिहा, म्हणजे रात्री झालं की नाही ते तरी कळेल.

आता एक गोष्ट जरा लांबवून सांगतो कारण सोशल मीडियामुळे हा घोळ फार वाढलाय. सुटं वचन उचलू नका. वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच, नव्या करारात आज जे आकडे आहेत ते 1551 मध्ये रॉबर्ट एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने घातले. पौलाने पत्र लिहिलं ते पत्र म्हणूनच, आपण एखादं पत्र वाचतो तसं सलग वाचायला. यिर्मया 29:11 बघा, देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत, आपल्याला भविष्य आणि आशा द्यायचीये, हे किती जणांच्या स्टेटसला असतं. ते लिहिलंय बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना, आणि त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं आहेत! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ते बघायला जिवंतही राहणार नव्हते, आणि त्यांना काय सांगितलंय तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वचन अजूनही आशेचंच आहे, पण "पुढच्या महिन्यात माझं काम होणार" हा त्याचा अर्थ नाही. तसंच फिलिप्पै 4:13, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सगळं करू शकतो, हे परीक्षा आणि मॅचसाठी वापरतात, पण वरची दोन वचनं वाचली तर पौल बोलतोय ते भरपूर असताना आणि काहीच नसताना समाधानी राहायला शिकण्याबद्दल. संदर्भ वाचला की वचन कमजोर होत नाही, उलट खऱ्या आयुष्यात टिकतं.

पाठांतरही करा, आठवड्याला एक वचन बास. येशूची परीक्षा झाली तेव्हा त्याने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून उत्तर दिलं, त्याला ते तोंडपाठ होतं. पण त्याच मत्तय 4 मध्ये सैतानही 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो, तेव्हा वचन पाठ आहे म्हणून माणूस बरोबरच बोलतोय असं नाही. बिरुयातल्या लोकांचं प्रेषितांच्या कृत्यांत (17:11) कौतुक आहे ते यासाठी की पौलासारख्या माणसाने सांगितलेलंही ते रोज शास्त्रात तपासून बघायचे. तुमच्या आवडत्या वक्त्यालाही तोच नियम लावा, आणि हा लेखही त्यातून सुटत नाही.

पायरी 3: प्रार्थना, जशी येते तशी

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. मार्क 1:35 मध्ये येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जातो, आणि हे आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलेलं असताना, म्हणजे दमणूक त्यालाही होती. सकाळच पाहिजे असा नियम नाही, पण ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा असली की रोज नव्याने ठरवावं लागत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल अ‍ॅपवर वाचत असाल तर वाचन झाल्यावर ठेवा, कारण एक नोटिफिकेशन आलं की दहा मिनिटं गेलीच.

काय बोलायचं सुचत नसेल तर मत्तय 6 मधली प्रभूची प्रार्थना रूपरेषा म्हणून घ्या. आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, मग रोजची भाकर, क्षमा, परीक्षेपासून रक्षण. प्रत्येक ओळीवर थांबून आपल्या शब्दात दोन वाक्यं बोला. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची तर पौलाच्या प्रार्थना उचला, इफिस 1 आणि 3, फिलिप्पै 1:9-11, कलस्सै 1:9-11, आणि "तुम्ही" च्या जागी त्या माणसाचं नाव घाला. यातून एक गंमत लक्षात येते, पौल त्या मंडळ्यांसाठी नोकरी, प्रवास, तब्येत यातलं काही मागत नाहीये, मागतोय ते ज्ञान, प्रेम, सहनशक्ती. आपली यादी बहुतेक वेळा उलटी असते. नोकरी आणि तब्येतीसाठी मागायचंच, पण यादी तिथेच संपू नये.

मन भटकतं ही सगळ्यांची तक्रार आहे. ज्याच्याकडे भटकतं तीच गोष्ट देवासमोर ठेवा, हप्त्याचं टेन्शन आहे तर त्याबद्दलच बोला, बहुधा खरी प्रार्थना तीच असते. आणि देवाशी गोड गोडच बोलायला पाहिजे असं काही नाही. 13 वं स्तोत्र "किती वेळ?" असं विचारतच सुरू होतं. 88 वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी काही सुटका नाही, काही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. राग, शंका, कंटाळा, सगळं सांगता येतं. अगदीच शब्द नसतील तर रोम 8:26 आहेच, आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

उपवासाबद्दल नवीन लोक खूप विचारतात. थोडक्यात, चांगली सवय आहे, एका जेवणापासून सुरू करा, मत्तय 6:16-18 प्रमाणे गाजावाजा न करता. डायबेटिस असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्याऐवजी करमणूक किंवा सोशल मीडिया काही दिवस बंद ठेवता येतो.

पायरी 4: मंडळी शोधा आणि तिथे टिका

घरी बसून ऑनलाइन संदेश ऐकणं सोपं आहे, आवडला नाही की पुढचा लावता येतो. अडचण हीच आहे. नव्या करारातल्या कितीतरी आज्ञा दुसरा माणूस समोर असल्याशिवाय पाळताच येत नाहीत, एकमेकांचं सहन करा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांजवळ पापं कबूल करा. स्क्रीनवरचा वक्ता तुमच्यावर रागावत नाही, तुमच्या जागेवर येऊन बसत नाही, आणि तुम्ही कसे वागता हे त्याला दिसतही नाही. मंडळीत हे सगळं होतं, आणि सहनशीलता तिथेच शिकली जाते. पहिल्या मंडळीचं वर्णन प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये आहे, प्रेषितांची शिकवण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. या चार गोष्टी जिथे आहेत तिथून सुरुवात करा, इमारत, बँड, गर्दी हे नंतर बघू.

निवडताना काही गोष्टी मात्र डोळे उघडे ठेवून बघा. उपदेशात ख्रिस्त मध्यभागी आहे की वक्ता? पैशाचा हिशोब विचारला तर मिळतो का? पास्टर कोणाला उत्तर देतात, का तेच शेवटचा शब्द? प्रश्न विचारलेला चालतो का? 1 पेत्र 5:2-3 मध्ये पाळकांना स्पष्ट सांगितलंय की कळपावर हुकूमत गाजवू नका, कित्ता व्हा. कोणी तुम्हाला सांगितलं की तुम्ही कोणाशी लग्न करायचं ते देवाने मला सांगितलंय, किंवा मंडळी सोडलीत तर शाप लागेल, किंवा इतकं दान द्या म्हणजे बरे व्हाल, औषध बंद करा, तर वाद घालत बसू नका, सरळ निघा. उलट बाजूही सांगतो, परिपूर्ण मंडळी मिळणार नाही, आणि दर तीन महिन्यांनी नवी मंडळी शोधणाऱ्या माणसाची मुळं कुठेच जात नाहीत. गंभीर कारण नसेल तर निदान वर्ष दोन वर्षं एका ठिकाणी राहा.

मंडळीत एक जुना विश्वासणारा शोधा जो तुम्हाला चालत्या आयुष्यात बघेल. अपुल्लोस विद्वान होता, बोलण्यात पटाईत, तरी त्याची माहिती अपुरी होती, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवराबायकोने त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं, चारचौघात लाज काढली नाही. असे लोक बहुतेक मागच्या रांगेत असतात. त्यांना "माझे गुरू व्हा" असं भलंमोठं काही विचारू नका, दचकतील. "पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास भेटू का, मार्क वाचतोय, प्रश्न आहेत" एवढं विचारा. शक्यतो पुरुषांनी पुरुषांना, बायकांनी बायकांना विचारावं, किंवा जोडप्याला.

पायरी 5: पाप, कबुली आणि परत वळणं

मघाशी जी खूण सांगितली तिचा खरा कस इथे लागतो. येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण घ्या. त्याने तीन वेळा येशूला नाकारलं, योहान 21 मध्ये येशूने त्याला तीन वेळा "माझ्यावर प्रेम करतोस का" विचारून परत उभं केलं, पेंटेकॉस्टच्या दिवशी (शिष्यांवर पवित्र आत्मा आला तो दिवस) तो हजारोंसमोर बोलला, आणि एवढं होऊनही कितीतरी वर्षांनी अंत्युखियात लोक काय म्हणतील या भीतीने परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचं सोडून बाजूला झाला, तेव्हा पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं, गलती 2 मध्ये आहे. माणसं काय म्हणतील हीच भीती, पुन्हा. तुमचीही एखादी जुनी खोड वर्षानुवर्षं डोकं वर काढेल, त्यावरून माझं तारण खोटंच होतं की काय असा निष्कर्ष काढू नका.

करायचं काय तर पापाचं नाव घ्यायचं. "प्रभू, माझ्या सगळ्या चुकांची क्षमा कर" यात काहीच पकडलं जात नाही. "आज मी ऑफिसमध्ये खोटं बोललो कारण मला वाईट दिसायचं नव्हतं" हे पकडलं जातं. 1 योहान 1:9 चं आश्वासन आहे की आपण कबूल केलं तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करेल आणि शुद्ध करेल. मग ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा. मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. जक्कय नावाचा जकातदार तर फसवलेल्यांना चौपट परत द्यायला निघाला. आणि माफी मागताना "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं नको, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्याची होते. "मी असं बोललो, ते चुकीचं होतं, मला माफ कर", बास, पुढे "पण तू पण..." जोडू नका.

सवय मोडायची तर इफिस 4:25-32 उघडा, तिथली पद्धत फार व्यवहारी आहे. प्रत्येक ठिकाणी काढून टाकायच्या गोष्टीच्या जागी दुसरी ठेवलीये. खोटं सोडा, खरं बोला. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, हाताने काम करावं, आणि गरजवंताला द्यावं. वाईट बोलणं सोडा, उभारणी होईल असं बोला. फक्त "करणार नाही" म्हटलं की रिकामी जागा राहते आणि जुनंच परत येऊन बसतं. एका वेळी एकच सवय घ्या, महिनाभर त्यावर राहा, जवळच्या एका माणसाला सांगून ठेवा. दारू, जुगार, पॉर्न यासारखं काही खोलवर रुतलेलं असेल तर एकट्याने लढू नका, प्रार्थना करणारा मित्र हवा आणि त्या विषयातला जाणकार समुपदेशकही हवा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

आणि हे ठळकपणे सांगायला पाहिजे, क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नाही. घरात किंवा मंडळीत कोणी अत्याचार करत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, मदत घ्या, पोलिसांची गरज असेल तर तीही. क्षमेचा प्रवास सुरक्षित जागेवरूनही होतो.

पायरी 6: कोरडे दिवस आणि दुःख

एक काळ असा येतोच की वाचताना काही लागत नाही, प्रार्थना छताला आपटून परत येते असं वाटतं. घाबरू नका. आधी साधी कारणं तपासा: झोप होतेय का, काही लपवलेलं पाप आहे का, कामाचा अतिरेक झालाय का. एलीया संदेष्टा 1 राजे 19 मध्ये झुडपाखाली बसून मरण मागतो, तर देव त्याला लगेच उपदेश करत नाही, आधी झोपू देतो, खायला देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो, मग कितीतरी पुढे जाऊन बोलतो. उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. आणि काहीच कारण सापडलं नाही तर भावना नसतानाही ठरलेलं वाचन छोटं करून चालू ठेवा, एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, रविवारी मंडळी.

याकोब 1:2-4 आणि रोम 5:3-5 म्हणतात की संकटातून धीर येतो आणि धीरातून माणूस घडतो. हे खरं आहे पण ते स्वतःला सांगायचं, रुग्णाच्या उशाशी बसून दुसऱ्याला ऐकवायचं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच, बोलायला लागले तेव्हा बिघडलं, आणि शेवटी देवच म्हणाला की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. विश्वास जास्त असता तर बरा झाला असतास, हे वाक्य तर कोणालाही कधीच बोलू नका. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी (सतत छळणाऱ्या त्रासाला तो असं म्हणतो) देवाला तीन वेळा विनंती केली, काटा गेला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे.

पायरी 7: सेवा, पण लहानातून

उत्साही नवीन माणसाला लगेच माइक मिळतो, साक्ष द्यायला, गायला, कधी कधी तर उपदेशालाही. नम्रपणे नको म्हणा. 1 तीमथ्य 3:6 मध्ये मंडळीच्या अध्यक्षाबद्दल सांगताना पौल म्हणतोच की तो नवशिका नसावा, गर्वाने फुगायचा धोका असतो. खुर्च्या लावा, कोणा आजारी माणसाला भेटून या, मुलांच्या वर्गात मदत करा, जिथे कोणी टाळ्या वाजवणार नाही असं एक काम धरा आणि ते वेळेवर करा. योहान 13 मध्ये येशूने पाय धुतले तेव्हा त्या पायांत त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही होते. कोणी आभार मानले नाहीत की आत काय काय होतं हे बघा, स्वतःबद्दल बरीच माहिती मिळते.

दानाचं थोडक्यात: 2 करिंथ 9:7, मनात ठरवून, खुशीने, जबरदस्तीने नाही. कर्ज काढून देऊ नका. घरच्यांना किंवा मित्रांना साक्ष देताना 1 पेत्र 3:15 पूर्ण वाचा, उत्तर द्यायला तयार राहा हे सगळे सांगतात, सौम्यतेने आणि आदराने हे पुढचे शब्द राहून जातात. घरचे तुमच्या विश्वासात नसतील तर त्यांना तुमच्या वादापेक्षा तुमची वागणूक आधी दिसते.

पायरी 8: तीन-चार महिन्यांनी तपासणी

रोज रोज स्वतःला तपासत बसाल तर वेड लागेल. तीन-चार महिन्यांनी एकदा शांत बसा, गलती 5:22-23 मधलं आत्म्याचं फळ समोर ठेवा, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, आणि प्रत्येकापुढे एक खरा प्रसंग लिहा, चांगला किंवा वाईट. मग घरातल्या एका माणसाला विचारा, "माझ्यात काही बदल दिसतोय का?" जे उत्तर येईल ते ऐकून घ्या, समजवायला जाऊ नका. घरच्यांना आपला चर्चमधला चेहरा माहीत नसतो, चहा सांडल्यावरचा माहीत असतो.

वेग कमी वाटला तर पौलाचंच बघा. दमास्कसच्या वाटेवर येशू भेटला आणि सगळं बदललं, पण यरुशलेमेला जाऊन पेत्राला भेटायला तीन वर्षं मध्ये गेली, गलती 1 मध्ये तो स्वतःच सांगतो. आणि फिलिप्पै 3 मध्ये, इतक्या मंडळ्या उभ्या केल्यावर, कैदेत बसून तो म्हणतो की मी अजून मिळवलेलं नाही, पुढे धावतोय, आणि वर म्हणतो की आपल्यातल्या प्रौढांनी असाच विचार करावा. तुम्ही पहिलं वाचायला घेणार ते शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो योहान मार्क (जुन्या परंपरेप्रमाणे तोच लेखक) पौलाच्या पहिल्या दौऱ्यात अर्ध्यातून घरी परतला होता, त्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात एवढी ठिणगी पडली की दोघं वेगळे झाले, आणि शेवटच्या पत्रात तोच पौल लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

तर आज काय करायचं ते: एक वही काढा, वेळ ठरवा, मार्कचा पहिला अध्याय उघडा. 45 वचनं आहेत, वाचायला सात-आठ मिनिटं लागतील. तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ज्या जुन्या विश्वासणाऱ्याचं नाव वर वाचताना मनात आलं त्याला मेसेज टाका. मधला एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचून भरपाई करायच्या नादाला लागू नका, जिथे थांबलात तिथूनच पुढे घ्या.